अजून मोजणी चालू आहे

लातूर, १२ जून २००८

मनतशा,

तुझी खुशाली विचारणार न्हाई. तू मजेत असशील, कारण तुझ्या वाट्याच्या शिव्या इथं मी खाऊन राहिले. फोन केला असता, पण फोनवर तू दोन मिनिटांत हसवतेस आणि माझं भांडण राहून जातं. नांदेडच्या कॉलेजात एका बाकावर बसून तीन वर्षं हेच केलंस. म्हणून यंदा कागदावर भांडते. कागदाला तू गुदगुल्या कर की काय करायचं ते.

आमच्या क्लासच्या चाळणी परीक्षेसाठी तू कॉम्प्युटरवरचं निकालाचं पान बनवून दिलंस ना, काल त्याचा मुहूर्त होता. अंगणात मायबाप मावत नव्हते. अहमदपूर, औसा, उदगीर, कुठून कुठून आलेले. सर माझ्या खुर्चीमागं उभे. मी पान उघडलं आणि कॉम्प्युटर दगड झाला. माऊस हलेना, काही होईना. मागून लोक 'काय झालं, काय झालं' म्हणून राहिले. मग एक चौकोन आला इंग्रजीत. पान फार हळू चालून राहिलं, काम तोडू का, असं काहीतरी. खाली येस आणि नो. आता तूच सांग, अशा वेळी नो म्हणायची कुणाची छाती होईल? आपल्याकडं कचेरीत कुणी काही विचारलं की हाव म्हणायचं, म्हणजे काम पुढं सरकतं. मी येस केलं. लगेच यादी आली की गं! माझा जीव भांड्यात पडला. छापली, भिंतीला चिकटवली.

आणि त्या यादीत भूकंपाच्या गावांतलं एकसुद्धा पोर न्हाई.

सर दरसाल त्या पोरांसाठी काही जागा राखून ठेवतात. फी न्हाई, राहणं-जेवण सरांकडं. गावं पडली त्या सालाच्या आगंमागं जन्मलेली पोरं यंदा अकरावीला आली, म्हणून सर यंदा जास्तच जागा धरून बसले होते. सरांनी यादी दोनदा वाचली. मग म्हणाले, 'तनुजा, एकही बसलं न्हाई गं. त्या जागा खाली ठेवून काय करू?' आणि शहरातल्या पोरांना देऊन टाकल्या.

पण मला ठाऊक हाय की हे खोटं हाय. औशाकडच्या पंचशीला नावाच्या पोरीचे उत्तराचे गोल मीच भरले होते कॉम्प्युटरात. चुकीचं एखादंच. ती पोरगी भिंतीपाशी उभी राहून वरून खाली, खालून वर नुसती वाचून राहिली होती. मला पाहवलं न्हाई. तुझ्या पानानं तिला गिळलंय, मनतशा. एक जुलैला वर्ग सुरू होतो. त्याच्या आत तिला बाहेर काढ.

तनुजा


नांदेड, १४ जून

तनू, माझी आग,

सलाम. तुझं पत्र अम्मीनं आधी फोडलं. तिला वाटलं कुणाच्या लग्नाचं हाय. वाचून म्हणाली, ही पोरगी अजून तशीच हाय, बरं वाटलं.

आता ऐक. माझं पान कुणाला गिळत न्हाई. मी पाचपन्नास नावं टाकून दहा वेळा चालवून पाहिलं होतं, आणि पत्र आल्यावर परत पाहिलं. डोळा मिटायच्या आत यादी येते. तुमच्याकडंच माहिती भरताना कुणीतरी गोंधळ घातला असंल. तू न्हाई, तू तर काय, तू चुकतच न्हाईस! पण तुझ्या शेजारी बसून चिवडा खाणारी ती शिवगंगा? तिचं काय सांगता येतं?

असं कर, सगळ्या पोरांची माहिती सीडीवर घालून पाठव. लातूर-नांदेड गाडीवर बजरंगमामा कंडक्टर असतात, ते आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोरच चहाला थांबतात. त्यांच्याकडं दे. पोचेल. आणि जरा सबर कर गं. एवढं रागावून लिहिलंस की कागद मागून फाटलाय.

तुझीच,
मनतशा


लातूर, १६ जून

मनतशा,

सीडी सोबत हाय. मामांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलीय, म्हणाले घाम लागला तर चालतंय का. मी म्हटलं, चालतंय, तिथली इंजिनेर लई हुशार हाय, तिच्याकडं सगळंच चालतंय.

पाचपन्नास नावं! अगं, हजारोंनी पोरं बसतात इथं. लातुरात आता रस्त्यावर माणसं कमी आणि दप्तरं जास्त दिसतात. पाचपन्नास पोरं तर आमच्या जिन्यात उभी असतात. आणि तुझ्या दुकानातला कॉम्प्युटर नवा कोरा. माझा सरांनी क्लास काढला तेव्हाचा. पंखा असा घरघरतो की पालक विचारतात, गिरणी हाय का शेजारी. शिवगंगेला मधे आणू नको. चिवडा खाते पण काम चोख करते.

मी काल दिवसभर डोकं लावलं. सरांना कळू न देता पान परत परत उघडलं. दरवेळी तो चौकोन येतो, दरवेळी येस केलं की यादी येते, आणि दरवेळी भूकंपाची गावं गायब. मग लक्षात आलं. त्या गावांचे अर्ज सरांनी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले होते, मानानं, हरवू नयेत म्हणून. ते मी सगळ्यांत शेवटी भरले. म्हणजे तुझं पान वरून मोजत येतं, मधेच दमतं, आणि शेपटाला जे असतील ते तसेच राहतात. जपून ठेवले म्हणून बुडाले बघ. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, 'कॉम्प्युटर चुकत न्हाई, आणि निकाल लागलाय. आता फिरवला तर लोक म्हणतील वशिला चालला.' त्यांचंही खोटं न्हाई.

पंचशीला काल परत आली होती, दाखला न्यायला. मी तिला म्हटलं, थांब, तुझ्यावर अन्याय झालाय, मी बघते. तर ती म्हणते कशी, 'असू द्या ताई. आईला बरंच वाटंल.' ऐकलंस? पोरीचं नाव आलं न्हाई म्हणून आईला बरं वाटणार! काय काळजाची बाई असंल. घरकामाला पोरगी हाताशी पाहिजे, दुसरं काय.

तू आता नुसती हसत बसू नको. माझ्या शब्दावर ती पोरगी थांबलीय.

तनुजा


नांदेड, १९ जून

तनू,

माझी चूक हाय. पूर्ण माझी. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तुझी सीडी माझ्या कॉम्प्युटरवर घातली. जरासा अडखळला, पण सगळी यादी आली. पंचशीलासकट. मी तुला 'माझ्याकडं तर चालतंय' असं लिहायला पेनसुद्धा उघडलं होतं. मग तुझी गिरणी आठवली. नायगावला आमच्या हमजाभाईचं इंटरनेटचं दुकान हाय, तिथं तुझ्यासारखाच एक म्हातारा कॉम्प्युटर पडलाय. काल एसटीनं गेले आणि त्याच्यावर चालवलं. आला तुझा चौकोन. मी नो दाबलं. परत आला. परत नो. परत आला. तेवढ्यात हमजाभाईनं माझ्या खांद्यावरून हात घालून येस दाबलं आणि म्हणाला, 'बाजी, याला हौ बोलल्याशिवाय तो सोडत नई.' कपाळाला हात लावला मी. तो गिऱ्हाइकांना रोज हेच शिकवतो.

तुला सांगते काय होतं ते. मी त्या पानाला एका दमात सगळी पोरं मोजायला लावली. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायचं, जागेवर बसवायचं, मग पुढचं. तोवर पडद्याकडं बघायचं न्हाई, माऊसकडं बघायचं न्हाई, कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. थोडा वेळ झाला की ब्राउझरला वाटतं हे पान मेलं, म्हणून तो विचारतो, तोडू का. येस म्हटलं की मोजणी तिथंच तुटते आणि तोवर मोजलेल्यांचीच यादी दिसते. त्याचा दोष न्हाई. लोकांचा तर मुळीच न्हाई.

आमच्याकडं लग्नात दस्तरखान पडतं, तुमच्याकडं पंगत बसते. सगळं गाव एकदम बसवतं का कुणी? एक पंगत उठते, मधे कुणी पाणी मागितलं तर देतात, दारात कुणी आलं तर या म्हणतात, मग दुसरी बसते. शेवटच्या माणसालाही जेवण मिळतं. मी आता पान तसंच केलंय. थोडी पोरं मोजायची, थांबायचं, पडद्याला श्वास घेऊ द्यायचा, मग पुढची. वर एक पट्टी ठेवलीय, ती भरत जाते, आणि तिच्यावर लिहिलंय: अजून मोजणी चालू आहे. चौकोन येणार न्हाई. हमजाभाईच्या म्हाताऱ्यावर सगळी यादी आलेली पाहूनच उठले.

पण एक ध्यानात ठेव. वेळ वाचत न्हाई यानं. उलट जरा जास्तच लागतो. आणि पट्टी पूर्ण भरेपर्यंत नंबर वरखाली होत राहतील. आज पहिला दिसणारा थोड्या वेळानं खाली गेलेला असंल. लोकांना आधी सांग, न्हाईतर गोंधळ होईल.

सीडी मामांकडं दिलीय. पंचशीलाला माझा सलाम सांग. आणि खरं सांगू? ती भिंतीपाशी उभी असलेली पोरगी मला दोन दिवस झाले डोळ्यांपुढून जात न्हाई.

मनतशा


लातूर, २३ जून

मने गं मने,

तुला उचलून गंजगोलाईच्या बाजाराला एक चक्कर मारावीशी वाटते!

सगळं सांगते. सर आधी ऐकेनात. मी म्हटलं, 'सर, वशिल्याचा बोल नको असंल तर लपून कशाला करायचं? सगळ्यांना बोलवा, सगळ्यांसमोर मोजू.' ते म्हणाले, 'बोलव.' काल दुपारी मोठ्या हॉलात पडदा लावला, त्याच्यावर माझ्या गिरणीचं चित्र सोडलं. वरच्या नंबरांची पोरं आईबापांसकट पुढच्या खुर्च्यांवर, नवे कपडे घालून. भूकंपाच्या गावांची पाचसात पोरं मागं उभी. पंचशीला दाराशी.

पान उघडलं. पट्टी सरकायला लागली. पोरं एकेक येऊन आपापल्या जागी बसून राहिली. बघायला इतकं झ्याक वाटत होतं! पहिल्यांदा टाळ्यासुद्धा पडल्या. अर्धी पट्टी झाली, यादी आमच्या भिंतीवरच्या कागदासारखी दिसायला लागली, आणि पुढून आडत दुकानवाले एक काका उठले. त्यांचा पोरगा दुसरा होता. म्हणाले, 'झालं की सर. हेच तर आधी लावलं होतं. करा बंद.' लोक उठायला लागले. सरांनी पण मला खुणावलं, बास कर म्हणून. मी म्हटलं, 'सर, वर काय लिहिलंय वाचा.' ते म्हणाले, 'वाचलं, तनुजा, पण लोक कंटाळले.' मी माऊस काढून ओढणीत धरला. हो, खरंच! भर सभेत! म्हटलं, 'पट्टी भरल्याशिवाय देणार न्हाई. मग कामावरून काढा.'

सर मागं सरून खुर्चीत बसले. लोक बसले. आणि मग शेपूट यायला लागलं. पडद्यावर गावांची नावं बदलली. आडतवाल्यांचा पोरगा एक घर खाली गेला. परत एक. हॉलात इतकं सामसूम झालं की माझा पंखा ऐकू येत होता. मागचं एक पोर ओरडलं, 'पंचे, तू गं!' ती चौथी. सगळ्या केंद्रांत चौथी, मनतशा! तिच्या खाली तिच्याच बाजूच्या गावांतली अजून पोरं बसली जागच्या जागी. पट्टी भरली तेव्हा मी रडून राहिले होते, आणि लाज वाटली न्हाई.

सर उठून पडद्यासमोर गेले. म्हणाले, 'जागा मीच राखल्या आणि मीच वाटून टाकल्या. या पोरांची मी माफी मागतो.' शहरातली पोरंही ठेवली, खुर्च्या वाढवू म्हणाले. आडतवाले काका जाताना माझ्याकडं रागानं बघून गेले, पण त्यांच्या बायकोनं पंचशीलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि एवढं करून सगळं मातीत गेलं. आज तिची आई आली होती, जगदेवीबाई. क्लासच्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकलं न्हाई. फाटकातूनच वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, 'न्हाई पाठवायची.' मी लाख समजावलं. फी न्हाई, जेवण हाय, पोरगी डॉक्टर होईल. नुसती मान हलवून राहिली. शेवटी मी बोलून गेले, 'मावशी, तुम्हाला पोरीचं बरं झालेलं बघवत न्हाई का?' पोरीचा हात धरला आणि गेली. पंचशीलानं एकदा मागं वळून पाहिलं.

सर म्हणाले एक तारखेपर्यंत जागा ठेवतो, मग पुढच्या नंबराला द्यावी लागंल. मी काय करू गं? मला त्या बाईचा इतका राग आलाय.

तनुजा


नांदेड, २५ जून

तनू,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. माऊस ओढणीत धरला तिथं ती खुदकन हसली. जगदेवीबाईपाशी आल्यावर हसायची थांबली. म्हणाली, 'वर्ग कितव्या मजल्यावर भरतो ते विचार तिला.'

मी म्हटलं, याचा काय संबंध? तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, 'त्या साली नांदेडात नुसती भांडी खडखडली, तरी तुझे अब्बा किती दिवस आपल्याला अंगणात घेऊन निजत होते. तू ल्हान होतीस, तुला काय आठवणार. तिथं तर सगळंच पडलं. त्या बाईनं इमारत वरपर्यंत बघितली म्हणते ना तुझी मैत्रीण? मग अजून काय सांगायला पाहिजे तिनं?'

तनू, मी जसा माझं पान नीट न बघताच शिवगंगेला दोष दिला, तसा तू तिला न बघताच दिलास. रागावू नको माझ्यावर. तिच्या घरी जा. समजावायला जाऊ नको, विचारायला जा. आणि ती बोलेल तेवढंच ऐक. एका दिवसात सगळं सांगणार न्हाई ती.

मनतशा


लातूर, ८ जुलै

मनतशा,

अम्मींच्या पाया पडते. त्यांना लातुरात आणून कुठल्यातरी क्लासात बसवायला पाहिजे, आम्हाला शिकवायला.

मी गेले होते. औशाच्या पुढं नवं वसवलेलं गाव हाय, सरळ रस्ते, सारखी घरं. जगदेवीबाईंचं घर पक्कं, स्लॅबचं. त्यात पोती, कडबा, जुनी पेटी. त्या राहतात पुढच्या पत्र्याच्या शेडात. त्या सालापासून. पंचशीला तेव्हा अंगावर पिणारी होती, रडायची थांबेना म्हणून त्या पहाटं तिला घेऊन जगदेवीबाई अंगणात आल्या. मोठा पोरगा, बसलिंगप्पा, घरात मातीच्या माळवदाखाली आजीपाशी झोपलेला. एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. मी त्या दिवशीचं बोलणं माफ करा म्हटलं, तर म्हणाल्या, 'तुमाला काय ठावं, बाई.' आणि चहा ठेवला. मी इतकी रडले की त्याच माझी समजूत घालत बसल्या.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर हाय आमचा. सरांना सांगितलं. खाली नेता येत न्हाई, खाली ऑफिस आणि दुकानं. सर स्वतः गाडी घेऊन त्यांच्या गावी गेले. 'मी जबाबदारी घेतो' म्हणाले न्हाईत, हे मला फार आवडलं. म्हणाले, 'मावशी, तुम्ही सोबत या. पाहिजे तितके दिवस बसा. मन घेईना तर पोरीला घेऊन जा, मी अडवणार न्हाई.'

एक तारखेला आल्या. पंचशीला वर गेली आणि त्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसल्या, डोळे वर, खिडकीकडं. दिवसभर भाकरीचं फडकं सोडलं न्हाई. सुट्टी झाल्यावर पोरगी खाली आली तेव्हा तिला हातांनी चाचपून पाहिलं. मला वाटलं, झालं, उद्या येत न्हाईत. दुसऱ्या दिवशी आल्या, आणि जिन्याच्या तोंडाशी बसल्या. मी पाणी दिलं. म्हणाल्या, 'आज हितंच.' मी म्हटलं, 'बसा की, कोण उठवतंय.' पुढं पहिल्या मजल्यावर आल्या. तिथं दोन दिवस काढले. एकदा खालून ट्रक गेला, काचा हलल्या, तर सरळ रस्त्यावर पळाल्या. शिवगंगेनं त्यांच्या चपला नेऊन दिल्या. जराशानं आपल्या आपण परत येऊन तिथंच बसल्या. पोरं जिन्यातनं जाताना आता त्यांना बाजूला सरा म्हणत न्हाईत, पाय उचलून जातात. मी जाता येता भाजीपाल्याचं, पावसाचं काहीबाही बोलते. कधी त्या आपणहून बसलिंगप्पाचं एखादं वाक्य बोलतात. त्याला गूळ आवडायचा, असं काही. मी ऐकून घेते.

आज तिसऱ्या मजल्यावर आल्या. मी मागंच होते. भिंतीला हात लावत, थांबत, दम घेत. वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. सरांनी खडू थांबवला. सगळी पोरं वळली. पंचशीला उठून उभी राहिली. तिला वाटलं, आई न्यायला आली.

जगदेवीबाईंनी छताकडं बघितलं. बराच वेळ. मग पोरीला म्हणाल्या, 'हुबी का राह्यलीस? सर शिकवून राहिलेत न्हवं.' आणि चौकटीच्या आतल्या बाजूला, स्लॅबखाली, पदर पसरून बसल्या.

सर फळ्याकडं वळले, पण त्यांना लगेच लिहिता आलं न्हाई.

तनुजा